राजाची नासपती

व्यंगचित्रांच्या प्रदर्शनाचे उद्घाटन असले की पाहुण्यांच्या भाषणात एक वाक्य हमखास येते: कुंचल्याच्या एका फटकाऱ्याने भल्याभल्यांची सिंहासने डळमळतात. वाक्य टाळ्या घेते, पण इतिहासाकडे पुरावा मागायला गेल्यास पंचाईत होते. व्यंगचित्रामुळे कोसळलेली राजवट मला तरी सापडलेली नाही. उलट, ज्या राजाची व्यंगचित्रकारांनी कदाचित जगात सर्वांत जास्त टिंगल केली, तो फ्रान्सचा लुई-फिलिप जवळजवळ अठरा वर्षे गादीवर होता. तरीही त्याच्या सरकारने चार-दोन चित्रकारांच्या मागे पोलीस, वकील आणि न्यायालये लावली आणि शेवटी खास कायदा केला. चित्रांनी काहीच होत नसते तर एवढा खटाटोप कशासाठी? या प्रश्नाने मला बरीच वर्षे घेरले आहे, म्हणून १८३० ते १८३५ या पाच वर्षांतल्या पॅरिसबद्दल थोडे सविस्तर लिहितो.

ही राजवटच मुळात वृत्तपत्रस्वातंत्र्याच्या भांडणातून जन्माला आली होती. जुलै १८३० मध्ये तेव्हाचा राजा दहावा शार्ल याने चार वटहुकूम काढले आणि त्यांतल्या पहिल्याने वृत्तपत्रांचे स्वातंत्र्य स्थगित केले. पत्रकारांनी जाहीर निषेध नोंदवला, छापखान्यांतले कामगार रस्त्यावर आले, आणि २७ ते २९ जुलै या तीन दिवसांत पॅरिसच्या गल्ल्यागल्ल्यांत अडथळे उभारून लोकांनी राजाला पळवून लावले. प्रजासत्ताक येईल असे लढणाऱ्यांतल्या अनेकांना वाटत होते. आला तो राजघराण्याच्याच दुसऱ्या शाखेतला लुई-फिलिप. तो छत्री घेऊन रस्त्याने फिरे, वाटेत भेटणाऱ्यांशी हस्तांदोलन करी आणि स्वतःला नागरिकांचा राजा म्हणवून घेई. नव्या सनदेत स्पष्ट लिहिले होते की फ्रेंच माणसाला आपली मते छापून प्रसिद्ध करण्याचा हक्क आहे आणि सेन्सॉरशिप पुन्हा कधीही आणता येणार नाही. मताधिकार मात्र ठरावीक प्रत्यक्ष कर भरणाऱ्यांपुरताच राहिला. सव्वातीन कोटींच्या देशात पावणेदोन लाखांच्या आसपास मतदार होते. ज्यांनी रस्त्यावर रक्त सांडले आणि ज्यांच्या पदरात सत्ता पडली, ते लोक वेगवेगळे होते. पुढच्या सगळ्या चित्रांच्या मुळाशी ही फसगत आहे.

या फसगतीला तोंड फोडणारा माणूस म्हणजे शार्ल फिलिपों. तो चित्रकार म्हणून बेताचाच होता, पण संपादक, व्यवस्थापक आणि खटलेबाज म्हणून त्याला तोड नव्हती. मूळचा लिऑनचा, वय तीस. नोव्हेंबर १८३० मध्ये त्याने 'ला कारिकात्यूर' हे साप्ताहिक सुरू केले. त्यात मजकुराबरोबर मोठ्या आकाराची चित्रे असत आणि सुरुवातीच्या अंकांत टोपणनावांनी लिहिणाऱ्यांमध्ये तरुण बाल्झाकही होता. १ डिसेंबर १८३२ पासून 'ल शारिवारी' हे दैनिक आले, ज्यात रोज एक नवे चित्र देण्याची हमी होती. साप्ताहिक महागडे होते, मजुराच्या आवाक्याबाहेरचे. पण फिलिपोंच्या मेहुण्याचे, ओबेरचे, चित्रविक्रीचे दुकान एका झाकलेल्या बाजारगल्लीत होते आणि त्याच्या काचेत ताजी चित्रे लावलेली असत. तिथे घोळक्याने उभे राहणाऱ्यांना ना वर्गणी भरावी लागे ना वाचता यावे लागे. या चित्रांच्या प्रभावाचा हिशेब वर्गणीदारांच्या संख्येवरून मांडणारे अभ्यासक या काचेला विसरतात, असे मला नेहमी वाटते.

रोज एक चित्र हे शक्य झाले ते शिळाछापामुळे. कलाशाळेत असताना शिळाछापाचा वर्ग मी आवडीने केला, म्हणून या कामाचे थोडे वर्णन करण्याचा मोह आवरत नाही. बव्हेरियातला बारीक कणांचा चुनखडीचा दगड घ्यायचा, त्यावर वाळू आणि पाणी टाकून दुसऱ्या दगडाने तो घासायचा, घासून घासून हातांना रग लागली की मग कुठे चित्र काढण्याजोगा पृष्ठभाग मिळतो. त्यावर तेलकट खडूने चित्र काढायचे, तेही उलटे, कारण छापल्यावर डावे-उजवे बदलते. मग डिंक आणि किंचित आम्ल यांचे पाणी फिरवायचे. दगड ओला करून त्यावर शाईचा रूळ फिरवला की जिथे तेलकट रेघ आहे तिथेच शाई धरते, बाकी ओला दगड तिला झटकून टाकतो. तांब्याचा पत्रा कोरायला आठवडे लागत. इथे संध्याकाळी काढलेले चित्र सकाळी छापायला घेता येत असे. शिवाय मध्ये कोरक्या नसतो. चित्रकाराच्या हाताचा जोर, त्याची घाई, त्याचा संताप हे सगळे जसेच्या तसे कागदावर उतरते. काम संपले की दगड पुन्हा घासायचा आणि नवे चित्र काढायचे. पोलिसांच्या दृष्टीनेही सोय होती: दगड जप्त केला की चित्र संपले.

(जाता जाता: हेच तंत्र त्याच सुमारास आपल्याकडेही पोहोचले होते. गणपत कृष्णाजींनी मुंबईत शिळाछापावर मराठी पंचांग छापले ते १८३१ सालीच. एकाच वर्षी एकाच प्रकारच्या दगडावर मुंबईत तिथी-नक्षत्रे छापली जात होती आणि पॅरिसमध्ये राजाचे गाल.)

गालांची गोष्ट आता सांगायलाच हवी. जून १८३१ मध्ये 'ला कारिकात्यूर'ने एक चित्र छापले, ज्यात राजासारखा दिसणारा एक गवंडी भिंतीवरची जुलै क्रांतीची वचने गिलावा करून बुजवत होता. राजाच्या व्यक्तीचा अवमान केल्याचा खटला भरला गेला आणि १४ नोव्हेंबर १८३१ रोजी फिलिपों न्यायालयात उभा राहिला. त्याने मांडलेला बचाव असा: चित्रात राजाचे नाव नाही, पदवी नाही, राजचिन्ह नाही, आहे ते फक्त साम्य. आता साम्य हाच गुन्हा मानायचा असेल तर तो कुठे थांबणार? आणि हे दाखवण्यासाठी त्याने चार रेखाटने सादर केली. पहिल्यात लुई-फिलिपचा चेहरा बऱ्यापैकी हुबेहूब होता: वर निमुळते कपाळ, त्यावर केसांचा झुबका, खाली दोन्ही बाजूंना ओघळलेले गाल आणि कल्ले. दुसऱ्यात तोच चेहरा थोडा ढिला झाला. तिसऱ्यात डोळे-नाक फळाच्या सालीवरच्या सुरकुत्यांसारखे झाले. चौथे चित्र चक्क नासपतीचे होते. पहिल्या चित्राला शिक्षा द्याल तर त्याच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्याला द्यावी लागेल, दुसऱ्याला द्याल तर तिसऱ्याला, आणि मग नासपती काढणाऱ्या प्रत्येकाला तुरुंगात धाडावे लागेल, असा तो युक्तिवाद.

युक्तिवाद म्हणून हा फसवा आहे, हे कुणीही सांगेल. पंचांनाही तो पटला नाही. फिलिपोंला सहा महिने कैद आणि दोन हजार फ्रँक दंड झाला. पण त्याने खटला हरून जे मिळवले ते सुटून मिळाले नसते. दहा दिवसांत ती चार रेखाटने छापून बाहेर आली आणि मग पॅरिसच्या भिंतींवर कोळशाने, खडूने, खिळ्याने ओरखडून नासपत्या उगवू लागल्या. शाळकरी पोरेही त्या काढत. इथे फिलिपोंची खरी करामत आहे, आणि ती चित्रकलेतली नाही. राजाचा चेहरा काढायला चित्रकार लागतो. नासपती काढायला दोन वक्र रेघा आणि एक देठ पुरतो. त्याने विडंबनाचे हत्यार व्यावसायिकांच्या हातून काढून अशा लोकांच्या हाती दिले, ज्यांना मत देण्याचा अधिकार नव्हता. त्यातही पकडणे अवघड: भिंतीवर फळ काढले म्हणून पोराला चौकीत न्यावे तर शिपायाने स्वतःच कबूल केल्यासारखे होते की या फळात मला महाराज दिसले.

यानंतर सरकार आणि फिलिपों यांच्यात जो खेळ रंगला तो वाचताना आजही हसू आवरत नाही. जून १८३२ मध्ये त्याने एका स्मारकाचा आराखडा छापला: ज्या चौकात सोळाव्या लुईचे डोके उडवले गेले त्याच चौकात, चौथऱ्यावर एक प्रचंड नासपती. राजहत्येला चिथावणी दिल्याचा आरोप झाला तेव्हा त्याने उत्तर दिले की फार तर मुरंबा करण्याची चिथावणी म्हणा. पुढे 'ल शारिवारी'ला सहा हजार फ्रँकांचा दंड झाला, तेव्हा तो भरण्यासाठी जुनी चार रेखाटने नव्याने छापून विकायला काढली. आणि फेब्रुवारी १८३४ मध्ये, आपल्याविरुद्धचा निकाल छापण्याचे बंधन पत्रावर आले, तेव्हा त्यांनी निकालपत्राचा शब्द न् शब्द इमानेइतबारे छापला. फक्त अक्षरजुळणी करणाऱ्याने ओळी अशा लहान-मोठ्या केल्या की पानावर मजकुराची नासपती तयार झाली. न्यायालयाच्या भाषेला न्यायालयाच्याच आज्ञेने गुन्ह्याचा आकार मिळाला. अक्षरजुळणी ही कला मानायची असेल तर त्या अनाम जुळाऱ्याला माझा दंडवत.

या मंडळींमध्ये ग्रांव्हिल होता, त्राव्हिएस होता, पण काळाच्या कसोटीवर उतरला तो ओनोरे दोमिए. मार्सेयच्या एका काच बसवणाऱ्याचा हा मुलगा १८०८ सालचा, म्हणजे या वेळी जेमतेम तेविशीचा. डिसेंबर १८३१ मध्ये त्याने लुई-फिलिपला रबले या जुन्या फ्रेंच लेखकाच्या कथांमधल्या गार्गांत्युआ या महाकाय खादाडाच्या रूपात दाखवले. राजा एका आसनावर बसला आहे. आसन सिंहासन आहे की शौचाचे पात्र आहे, हे मुद्दाम संदिग्ध ठेवलेले नाही. त्याच्या तोंडापासून जमिनीपर्यंत एक लांब फळी लावली आहे आणि तिच्यावरून वाकलेले हमाल नाण्यांच्या टोपल्या वर वाहून नेत आहेत. खाली कोपऱ्यात फाटक्या कपड्यांतली माणसे आपले शेवटचे पैसे देत आहेत आणि आसनाखालून मानसन्मानांची, नेमणुकांची कागदपत्रे बाहेर पडत आहेत, जी झेलायला टोपीवाले टपले आहेत. पोलिसांनी चित्र जप्त केले. दोमिएला सहा महिने कैद आणि पाचशे फ्रँक दंड झाला. शिक्षा आधी स्थगित राहिली, पण त्याचा हात थांबला नाही, तेव्हा ऑगस्ट १८३२ मध्ये त्याला उचलून सेंत-पेलाजीच्या तुरुंगात टाकले आणि १८३३च्या सुरुवातीला तो सुटला. खरे सांगायचे तर चित्र म्हणून हे मला फारसे आवडत नाही. कल्पना उसनी आहे, मांडणी बोजड आहे, आणि प्रत्येक गोष्ट समजावून सांगण्याचा उत्साह फार आहे. तुरुंगवासाने या चित्राला जी प्रतिष्ठा मिळाली ती त्याच्या गुणांपेक्षा जास्त आहे.

त्याचे खरे मोठे चित्र यानंतर अडीच वर्षांनी आले, आणि त्यात विनोदाचा लवलेश नाही. एप्रिल १८३४ मध्ये लिऑनच्या रेशीम विणकरांनी उठाव केला. तो सैन्याने चिरडला. त्याचे पडसाद पॅरिसमध्ये उमटले आणि १४ एप्रिलच्या रात्री रू त्रान्सनोनँ या अरुंद रस्त्यावर सैनिकांवर गोळी झाडली गेली. ती १२ क्रमांकाच्या घरातून आली असे धरून सैनिक त्या घरात घुसले, मजल्यामजल्यावर गेले आणि झोपेतून उठलेल्या रहिवाशांना त्यांनी ठार मारले. मेलेल्यांत बाया होत्या, म्हातारे होते, एक मूलही होते.

दोमिएचे चित्र एका खोलीचे आहे. पहाट झाल्यासारखा उजेड पडला आहे. मधोमध, विस्कटलेल्या पलंगाला टेकून, रात्रीच्या झग्यातला एक माणूस जमिनीवर घसरून पडला आहे. टोपी अजून डोक्यावर आहे, झगा वर सरकला आहे, उघडे पाय पाहणाऱ्याच्या दिशेने पसरले आहेत. त्याच्या अंगाखाली एक मूल दबले आहे आणि त्याच्या डोक्यातून रक्त आले आहे. ते पहिल्या नजरेत दिसतच नाही. दिसल्यावर नजर हटवता येत नाही. उजव्या कडेला एका म्हाताऱ्याचे फक्त डोके आणि खांदा, डावीकडे अंधारात उताणी पडलेली बाई, एक उलटलेली खुर्ची. सैनिक नाही, बंदूक नाही, राजा नाही, नासपती नाही. चित्राखाली टीकेचा एक शब्द नाही. फक्त रस्त्याचे नाव आणि तारीख: १५ एप्रिल १८३४. मला शिळाछाप शिकवणारे गुरुजी या चित्राची एक छापील प्रत भिंतीवर लावून विचारत, 'यात काळा रंग कुठे कुठे आहे ते शोधा.' शोधायला गेलो की ध्यानात येई की पूर्ण काळे फारच थोडे आहे. बाकी सगळी खडूची करडी घासण आहे, आणि झग्याचा पांढरा हा तर कोरा कागद आहे, तिथे चित्रकाराने काहीच केलेले नाही.

हे चित्र साप्ताहिकासाठी नव्हते. दंडाचे ओझे पेलण्यासाठी फिलिपोंने एक मासिक योजना काढली होती, जिच्या सभासदांना दर महिन्याला एक मोठे चित्र मिळे. तिच्या मालिकेतले हे चोविसावे आणि शेवटचे. ओबेरच्या काचेसमोर गर्दी लोटली. मग पोलिसांनी दगड ताब्यात घेतला आणि सापडतील तेवढ्या प्रती नष्ट केल्या. मजेची गोष्ट अशी की या चित्रात कायद्याने बोट ठेवावे असे काहीच नव्हते. एका पत्त्यावर एका तारखेला जे घडले ते दाखवले होते. तो रस्ता पुढे नगररचनेत दुसऱ्या मोठ्या रस्त्यात विलीन झाला. नाव पुसले गेले, पण ज्यांनी फ्रान्स पाहिलेला नाही अशांनाही ते आज ठाऊक आहे ते या एका कागदामुळे. व्यंगचित्रकाराच्या प्रभावाबद्दल बोलताना हे उदाहरण मी सर्वांत वर ठेवतो. चार वर्षे रोज हसवणारा माणूस एके दिवशी हसवायचे नाकारतो, तेव्हा लोक थांबून पाहतात. गंभीर चित्रकाराला ही सोय नसते.

मग तो दिवस आला ज्याची सरकार जणू वाटच पाहत होते. २७ जुलै १८३५ रोजी 'ल शारिवारी'ने एक अंक लाल शाईत छापला आणि राजवटीच्या काळात मारल्या गेलेल्यांची यादी त्यात दिली. दुसऱ्याच दिवशी क्रांतीच्या वर्धापनदिनाची मिरवणूक जात असताना फिएस्की नावाच्या माणसाने पंचवीस नळ्यांची एक बंदूक खिडकीतून एकदम उडवली. राजाच्या कपाळाला ओरखडा आला. अठरा माणसे मेली. कटाचा व्यंगचित्रांशी काही संबंध नव्हता, पण राजाला रोज हास्यास्पद करणाऱ्यांनीच मारेकऱ्याचे मन तयार केले, हे म्हणायला मंत्र्यांना वेळ लागला नाही. सप्टेंबरात नवे कायदे आले. यापुढे कोणतेही रेखाटन, कोरीव चित्र, शिळाछाप किंवा पदक सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय छापता, विकता किंवा काचेत लावताही येणार नव्हते. 'ला कारिकात्यूर' कायदा येण्याआधीच, ऑगस्टअखेरीस बंद पडले.

सेन्सॉरशिप कधीही येणार नाही असे सनद सांगत होती, त्याचे काय? न्यायमंत्री पर्सील यांचा युक्तिवाद असा की सनदेने मतांना संरक्षण दिले आहे, आणि चित्र हे मत नव्हे, ती कृती आहे. मजकूर बुद्धीशी बोलतो, चित्र थेट डोळ्यांशी बोलते, म्हणून ते लोकांना उठवते. लेखावर छापल्यानंतर खटला, चित्रावर छापण्यापूर्वीच बंदी, असा हा भेद होता. त्यामागची भीती उघड आहे: वाचणारा माणूस घरात एकटा बसतो, चित्र पाहणारे काचेसमोर एकत्र जमतात आणि एकमेकांकडे बघून हसतात.

हा युक्तिवाद मेला असे समजू नये. सप्टेंबर २०१२ मध्ये असीम त्रिवेदी यांना मुंबईत व्यंगचित्रांवरून राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली, तेव्हा चर्चेत हाच सूर ऐकू येत होता की लिहिले असते तर चालले असते, पण राष्ट्रचिन्हाचे असे चित्र काढायचे म्हणजे काय! आणि आणीबाणीत याच्या उलटा प्रकारही घडला. १० डिसेंबर १९७५च्या 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये अबू अब्राहम यांचे चित्र आले, ज्यात राष्ट्रपती न्हाणीघरातल्या टबात बसूनच वटहुकमावर सही करून कागद दाराबाहेर देत आहेत आणि आणखी वटहुकूम असतील तर जरा थांबायला सांगा म्हणत आहेत. सेन्सॉर बसलेला असताना ते छापून आले. त्याच वर्षी ऑगस्टअखेर 'शंकर्स वीकली' हे व्यंगचित्रांचे साप्ताहिक मात्र बंद झाले.

सप्टेंबरचे कायदे यशस्वी झाले का? गौरवगीते गाणाऱ्यांना आवडणार नाही, पण उत्तर हो असे आहे. पुढची बारा-साडेबारा वर्षे राजाचे विडंबन करणारी चित्रे जवळपास थांबली. दोमिए वकील, घरमालक, शेअरबाजारवाले, नवरा-बायको यांच्याकडे वळला, आणि रोबेर माकेर या रंगभूमीवरच्या लफंग्याला घेऊन त्याने शंभर चित्रांची मालिका केली, ज्यात तो लफंगा कधी कंपनी काढतो, कधी डॉक्टर होतो, कधी दानशूर होतो. राजाला नाव न घेता झोडपण्याचा हा आडमार्ग होता असे म्हणतात, थोडाफार होताही. पण समाजाची खिल्ली आणि सत्तेची खिल्ली यांत फरक असतो, आणि सत्तेला तो चांगला कळतो. या दुसऱ्या, घरगुती वळणाचाच जगभर प्रसार झाला. लंडनचे 'पंच' १८४१ मध्ये निघाले ते 'लंडनचे शारिवारी' असे उपनाव लावून, आणि त्या 'पंच'चे अनुकरण करत १८५४ मध्ये मुंबईत 'पारसी पंच' निघाले, जे नंतर 'हिंदी पंच' झाले.

फेब्रुवारी १८४८ मध्ये लुई-फिलिप गेला. दोन वर्षांची पडलेली पिके, बेकारी आणि मताधिकार वाढवण्यास दिलेला हट्टी नकार ही त्याची कारणे. नासपतीला त्यात मी ओढूनताणून बसवणार नाही. एवढेच म्हणेन की ज्याला 'मिस्टर स्मिथ' या नावाने देश सोडावा लागला त्या राजासाठी रस्त्यावर उतरणारे फारसे कुणी निघाले नाही. मार्चच्या सुरुवातीला दोमिएने तुइलरी राजवाड्यातल्या सिंहासनावर बसलेला एक उनाड पोरगा काढला. सिंहासन किती मऊ आहे याची तो मजा घेतो आहे. पण त्याच वर्षी डिसेंबरात अध्यक्षपदाची निवडणूक झाली, 'ल शारिवारी'ने सम्राट नेपोलियनच्या पुतण्याची, लुई-नेपोलियनची, यथेच्छ टर उडवली आणि तो जवळपास तीन-चतुर्थांश मते घेऊन निवडून आला. आता मत सर्व पुरुषांना होते, म्हणजे मुख्यतः खेड्यांतल्या शेतकऱ्यांना, आणि त्यांच्या वाटेवर ओबेरची काच नव्हती. लुई-नेपोलियनच्या हस्तकांचे प्रतीक म्हणून दोमिएने रातापॉल हे पात्र निर्माण केले: दबलेली टोपी, टोकदार मिशा, हातात दंडुका. २ डिसेंबर १८५१ रोजी लुई-नेपोलियनने सत्ता बळकावली आणि रातापॉल दिसेनासा झाला. पुढच्या काळातला नियम तर अफलातून होता: ज्याचे अर्कचित्र काढायचे त्याची लेखी परवानगी हवी. आंद्रे जिलसारख्या चित्रकारांनी मग ती परवानगी त्या व्यक्तीच्या हस्ताक्षरासह चित्राखालीच छापायला सुरुवात केली.

चित्रांवरची पूर्वपरवानगी कायमची उठली ती २९ जुलै १८८१च्या कायद्याने. फिलिपों १८६०च्या दशकाच्या सुरुवातीला आणि दोमिए १८७९ मध्ये वारले होते. या कायद्यानंतर काय झाले हे सांगितल्याशिवाय मला थांबता येत नाही, कारण ते सहसा गाळले जाते. १८९८ मध्ये द्रेफ्यू प्रकरणाने, म्हणजे हेरगिरीच्या खोट्या आरोपाखाली शिक्षा झालेल्या एका ज्यू लष्करी अधिकाऱ्यावरून पेटलेल्या वादाने, फ्रान्स दुभंगला. कारान दाश यांचे त्या फेब्रुवारीतले चित्र प्रसिद्ध आहे: वरच्या चौकटीत कुटुंब जेवायला बसले आहे आणि यजमान बजावतो आहे की द्रेफ्यूचा विषय नको, खालच्या चौकटीत टेबल उलटले आहे, माणसे एकमेकांच्या उरावर बसली आहेत, आणि खाली लिहिले आहे की विषय निघाला. आपल्याकडे कोणत्याही निवडणुकीच्या वर्षात कौटुंबिक समारंभाला गेलेल्या माणसाला हे चित्र समजावून सांगावे लागणार नाही. पण हेच कारान दाश आणि फोरें यांनी त्याच महिन्यात 'प्स्स्त' नावाचे साप्ताहिक काढले, ज्याचे काम द्रेफ्यूच्या बाजूच्या लोकांवर आणि ज्यूंवर विष ओकण्याचे होते. इबेल्स या चित्रकाराने लगेच 'ल सिफ्ले' काढून त्याला चित्रानेच उत्तर दिले. पुढच्या वर्षी 'भयंकरांचे संग्रहालय' या नावाची रंगीत भित्तिपत्रके निघू लागली, ज्यांत द्रेफ्यूच्या समर्थकांची आणि प्रतिष्ठित ज्यूंची डोकी प्राण्यांच्या धडांवर बसवली होती. चेहरा सोपा करत करत शेवटी एका आकारावर आणायचा आणि तो आकार कुणालाही काढता येईल असा करायचा, ही फिलिपोंची युक्ती इथे जशीच्या तशी आहे. फक्त आकाराच्या जागी नासपती नसून एका संपूर्ण समाजाचे नाक आहे, आणि ज्याचे चित्र काढले जाते आहे त्याच्या हाती सैन्य, पोलीस किंवा न्यायालय यांपैकी काहीही नाही.